घरचं नेट कुणाच्या खिशात?

पत्र थोडक्यात: इंदूरच्या सुदामा नगरात राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र आहे. घरात पाच माणसं. ८२ वर्षांच्या सासूबाई, बँकेतून निवृत्त झालेले ६८ वर्षांचे यजमान, त्या स्वतः, आयटी कंपनीतला मुलगा आणि शाळेच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवणारी सून. मुलगा आठवड्यातले दोन दिवस सुपर कॉरिडॉरच्या ऑफिसात जातो, तीन दिवस घरून काम करतो. वायफायचं बिल महिन्याला ₹८२५ येत होतं. मुलगा म्हणाला, "चौघांच्या फोनमध्ये अनलिमिटेड ५जी आहे, मग हे बिल कशाला? वर्षाचे दहा हजार वाचतील." दीड महिन्यापूर्वी वायफायचं रिचार्ज थांबवलं. यजमान दिवसभर घरी असतात, म्हणून त्यांचा फोन हॉलच्या खिडकीत चार्जरला लावून ठेवला आणि सगळं घर त्याच्या हॉटस्पॉटवर चालू लागलं. आता ते संध्याकाळी अन्नपूर्णा मंदिराकडे फिरायला जातात ते फोन घरी ठेवून. सुनेच्या क्लासमध्ये मध्येच खंड पडतो, सासूबाईंचं टीव्हीवरचं कीर्तन अडकतं. ताई विचारतात, "मला तांत्रिक काही कळत नाही म्हणून मी गप्प बसते. मुलगा पैसेच वाचवतोय, त्यात त्याचं काय चुकलं? पण घरात काहीतरी बिघडलंय असं वाटतं. वायर परत लावा म्हटलं तर मी जुन्या वळणाची ठरेन का?"

ताई,

"मला तांत्रिक काही कळत नाही" हे वाक्य तुमच्या पत्रात तीन ठिकाणी आहे. आणि त्याच पत्रात तुम्ही असं काही टिपलं आहे जे घरातल्या दोन्ही लॅपटॉपवाल्यांच्या लक्षात आलेलं नाही: तुमचे यजमान फोन न घेता बाहेर पडतात. मी तिथूनच सुरुवात करते, कारण नेटचा वेग, प्लॅन, बिल हे सगळं मला त्यानंतरचं वाटतं.

६८ वर्षांचा माणूस अंधार पडताना रस्त्याने चालतो आहे. पाय मुरगळला, चक्कर आली, एखाद्या गाडीचा धक्का लागला, तर तो घरी कळवणार कसा? रस्त्यातला कुणी भला माणूस मदतीला आला तरी हल्ली कुणाला कुणाचा नंबर पाठ नसतो. शिवाय त्यांच्या बँकेचे ओटीपी त्या खिडकीतल्या फोनवर येतात. चार माणसं येता-जाता हात लावतात अशा जागी पेन्शनच्या खात्याची किल्ली ठेवल्यासारखं आहे हे. घरातल्या कुणावर संशय घ्यायचा नाही. पण घरी कामाला, दुरुस्तीला माणसं येतातच. फोन उघडाच पडून राहतो आणि फसवणुकीचा मेसेज आला तर ज्याने बघायला हवा तो माणूस बाहेर असतो. (अशी फसवणूक झालीच तर १९३० हा नंबर लगेच फिरवायचा, हे सगळ्याच वाचकांनी घरात लिहून ठेवावं.)

यजमान "चालतं मला" म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. चालत असेलही. काही जणांना फोनशिवायचा तासभर खरोखर आवडतो. पण तुम्ही त्यांना एकट्यात विचारलंय का? आपल्या पिढीचे पुरुष कमावणं थांबलं की घरात कशालाच नाही म्हणायचं थांबवतात, हे मी फार घरांतून पाहिलं आहे.

आता तुमच्या मुलाला विचारण्यासारखा एक साधा प्रश्न. चौघांच्याही फोनमध्ये अनलिमिटेड आहे, तर सगळ्या घराचा भार बाबांच्याच फोनवर का? मुलाने स्वतःच्या फोनवरून स्वतःचा लॅपटॉप चालवावा, सुनेने तिच्या फोनवरून तिचा. तसं होत नाही, कारण हॉटस्पॉट दिवसभर चालू ठेवला की फोन तापतो, बॅटरी उतरते, आणि फोन घेऊन गच्चीवर गेलं की खालचं नेट तुटतं. हा त्रास त्या दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून तो त्रास सहन करायला जो माणूस घरी होता त्याच्याकडे गेला. मुद्दाम कुणी केलं नसेल, पण झालंय तसं.

मोबाइलचं नेट माणसाचं असतं आणि वायफाय घराचं असतं. तुम्हाला जे "बिघडलंय" असं वाटतं ते हेच आहे. घराची एक गोष्ट एका माणसाच्या खिशात गेली, आणि मग तो माणूसच भिंतीला अडकला.

मुलाचं काही चुकलं का? हिशेब करणारा मुलगा आहे, त्याचं कौतुकच आहे. आपण महिन्याला एक जीबी पुरवून पुरवून वापरणारी माणसं होतो. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि ते सगळं बदललं. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५जी सुरू झालं, आणि आज चांगल्या रेंजमध्ये फोनचा वेग घरच्या वायफायला मागे टाकतो. एकट्या माणसाने "मग दुसरं बिल कशाला?" असं विचारलं तर तो प्रश्न अगदी रास्त आहे. पण तुमच्या मुलाने 'अनलिमिटेड' या शब्दावर जरा जास्त विश्वास टाकला.

जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओने अमर्याद ५जी फक्त रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवर ठेवलं. त्यातला 'अमर्याद' हा शब्द ५जीला लागू आहे, ४जीला नाही. फोन घसरून ४जीवर आला की रोजचे २ जीबी मोजायला सुरुवात होते, ते संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे जवळजवळ बंदच. आणि फोन घसरतो, कारण ५जीचा ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वेगाला उत्तम असला तरी जाड भिंतींतून आत जायला दुबळा आहे. खिडकीत दाखवणारं ५जी देवघराशेजारच्या खोलीत ४जी होतं. तुमच्याकडे फोन हॉलमध्ये आहे, पण कुणी तो उचलून आत नेला, कूलर-कपाट मध्ये आलं, टॉवरवर गर्दी झाली, की तोच खेळ.

सासूबाईंच्या कीर्तनाचं कोडं मला वाटतं इथेच सुटतं. टीव्हीवर एचडी दर्जाने बघितलं तर तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जाऊ शकतो. फोन ४जीवर असेल तर २ जीबी पाऊण तासात संपले. मग कीर्तन अडकतं. फोन पुन्हा ५जीवर गेला की आपोआप सुरू होतं, आणि सगळे म्हणतात, "बघा, झालं ना सुरू!" कंपनीच्या ॲपमध्ये रोजची शिल्लक दिसते. चार दिवस संध्याकाळी ती बघा. २ जीबी संपलेले दिसले तर कारण सापडलं. तोपर्यंत टीव्हीवर चित्राचा दर्जा ४८० वर ठेवा. कीर्तनाला आवाज महत्त्वाचा.

सुनेच्या क्लासचं दुखणं वेगळं आहे. तुम्ही लिहिता की तिला मुलं नीट दिसतात, पण मुलं म्हणतात "मॅम, तुमचा आवाज तुटतोय". हे अपलोडचं लक्षण आहे. सिनेमा बघताना डेटा घरात येतो, शिकवताना तो घरातून बाहेर जातो, आणि मोबाइल नेटवर बाहेर जाणारी वाट येणाऱ्या वाटेपेक्षा बरीच अरुंद असते. मुलगा स्पीड टेस्टमधला डाउनलोडचा मोठा आकडा दाखवत असेल, तर त्याला त्याखालचा अपलोडचा आकडा वाचून दाखवायला सांगा. तोही सकाळी नको, रात्री नऊ वाजता, सून जिथे बसून शिकवते त्या खुर्चीत. समूह व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस (नेटचा वेग याच मापात मोजतात) अपलोड पुरतो, पण तो सलग मिळायला हवा. एक मिनिट तीस आणि पुढचं मिनिट शून्य, असा नको.

आणखी एक तपासा. यजमानांच्या फोनमध्ये दोन सिम आहेत का? बँकेचा जुना नंबर एका सिमवर आणि ५जी दुसऱ्यावर, असं बऱ्याच घरांत असतं. पुष्कळ फोनमध्ये एका सिमवर कॉल चालू असताना दुसऱ्या सिमचं नेट थांबतं. म्हणजे यजमानांना कुणाचा फोन आला की तिकडे बीजगणिताचा वर्ग बंद! सुनेने महिनाभर हे सोसलं असेल आणि सासऱ्यांना "फोनवर बोलू नका" म्हणणं तिला जमलं नसेल. तिला एकदा वेगळं विचारा. तिची फी, तिचे विद्यार्थी, त्यांच्या आईवडिलांचा विश्वास, हे सगळं त्या खिडकीतल्या फोनवर उभं आहे.

फोनच्या तब्येतीबद्दल थोडं. माझ्या बहिणीकडे, लोकमान्य नगरात, असाच एक फोन सात-आठ महिने चोवीस तास चार्जरला होता, वर हॉटस्पॉट, वर खिडकीतलं ऊन. एके दिवशी त्याचं मागचं झाकण उचललेलं दिसलं. बॅटरी फुगली होती. नशीब, वेळेत लक्षात आलं. लिथियमच्या बॅटरीला उष्णता आणि सतत भरलेलं राहणं, दोन्ही सोसत नाही. तुमचाही फोन खिडकीत आहे, म्हणून सांगते. आजच तो उन्हातून हलवा, कव्हर काढून ठेवा, आणि फोनच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. झाकण किंचितही वर आलेलं दिसलं तर चार्जर काढायचा आणि फोन वापरणं थांबवायचं.

आता पैसे. दहा हजार वाचतात हे मुलाचं म्हणणं ₹८२५ च्या बिलावर बरोबर आहे. पण तुमच्यापुढे ₹८२५ किंवा शून्य एवढ्या दोनच वाटा आहेत असं त्याने धरलंय. ते बिल बहुधा ₹६९९ आणि १८ टक्के जीएसटीचं, १०० एमबीपीएसचं असावं. तुमच्या घराला १०० ची गरज कुठे आहे? एचडी टीव्हीला ५, दोन व्हिडिओ कॉलना तीन-तीन, चार-चार, बाकी फोनचं किरकोळ. वीसच्या आत भागतं. ३० एमबीपीएसचा प्लॅन ₹३९९ पासून मिळत आला आहे, करासह ₹४७१, म्हणजे वर्षाला साधारण ₹५,६५०. मुलाच्या बचतीतले सव्वाचार हजार इथेच शाबूत राहिले.

शिवाय घरात वायफाय आलं की प्रत्येकाला मोठा मोबाइल प्लॅन लागत नाही. २८ दिवसांचं रिचार्ज वर्षात १३ वेळा करावं लागतं, हे हिशेबात धरा. ₹३४९ च्या २ जीबीवाल्या प्लॅनचे वर्षाला ₹४,५३७ होतात. ₹२९९ च्या दीड जीबीवाल्याचे ₹३,८८७. तुम्ही दोघांनी खालचा घेतला तर आणखी ₹१,३०० सुटले. म्हणजे वायफायचा खरा जास्तीचा खर्च वर्षाला ₹४,३५० च्या आसपास, दिवसाला बारा रुपये. एका प्लेट पोह्यांपेक्षा कमी. हे दर २०२४-२५ चे आहेत, ते बदलत राहतात, म्हणून रिचार्जआधी ॲपमध्ये बघून घ्या. पण गणित याच पद्धतीने मांडा.

सासूबाईंकडे साधा फोन असेल तर त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा प्लॅन घ्या. ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून असे प्लॅन देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे, आणि आपल्या ज्येष्ठांपैकी फार थोड्यांना ते माहीत आहे. तुमच्या यजमानांसाठी मात्र असा प्लॅन घेऊ नका. बाहेर नेट नसेल तर परतताना शेव घेऊन नेहमीच्या यूपीआय ॲपने पैसे देता येणार नाहीत, आणि वाटेत कुठे आहेत ते व्हॉट्सॲपवर नकाशासह पाठवताही येणार नाही.

मुलाला एक विचारून बघा: घरून काम करणाऱ्यांना काही कंपन्या नेटच्या बिलाची भरपाई देतात. त्याच्या कंपनीत तशी सोय आहे का? त्यासाठी बिल बहुधा त्याच्या नावावर असावं लागतं, आणि अनेक घरांत बिल वडिलांच्या नावावर असतं म्हणून कुणी मागतच नाही.

तुमच्यासारख्याच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं थांबते, कारण माझं उत्तर सगळ्यांना "वायर लावा" असं नाही. भंवरकुआँला खोली घेऊन पीएससीची तयारी करणारा मुलगा किंवा मुलगी, ज्यांना सहा महिन्यांनी खोली बदलायची आहे, त्यांनी फोनवरच भागवावं. एकटं राहणारं, दिवसभर बाहेर असणारं माणूस, त्यांनीही. नवराबायको दोघंच आहेत, टीव्ही डिशवर आहे आणि नेट म्हणजे व्हॉट्सॲप, बातम्या, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, त्यांना वेगळ्या वायफायची गरज नाही. अशांनी आपापल्या फोनवर आपापलं नेट वापरावं आणि हॉटस्पॉट गरजेपुरता लावावा. पासवर्ड मात्र साधा ठेवू नका. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पर्याय दिसतील. त्यातल्या ५ चा ५जीशी काही संबंध नाही. जवळ बसायचं असेल तर ५ निवडा, भिंतीपलीकडच्या खोलीत पोचवायचं असेल तर २.४.

जिथे घरात कुणाची रोजीरोटी नेटवर आहे, किंवा घरी राहणारं असं माणूस आहे ज्याला स्वतःचा हॉटस्पॉट लावता येत नाही, तिथे घराला घराचं नेट हवं.

वायर पोचत नसेल, नवी वसाहत असेल किंवा घरमालक भिंतीला भोक पाडू देत नसेल, तर एअरफायबरसारखा मधला मार्ग आहे. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर छोटं यंत्र लागतं, ते टॉवरकडून ५जी घेतं आणि आत वायफाय देतं. ते घराचं असतं, कुणाच्या खिशात जात नाही. खर्च फायबरच्या, म्हणजे वायरवाल्या नेटच्या, जवळपास, पण टॉवरच्या गर्दीचा परिणाम त्यालाही होतो. मर्यादा दोन्हीकडे आहेत: फायबरच्या 'अनलिमिटेड'ला बहुतेक ठिकाणी महिन्याला ३,३०० जीबीचं कुंपण असतं, जिओच्या एअरफायबरला १,००० जीबीचं. सर्वसाधारण घर इतकं वापरत नाही. फोनचं सिम काढून राउटरमध्ये घालायचा सल्ला कुणी दिला तर आधी कंपनीला विचारा. अमर्याद ५जीची सवलत फोनमधल्या व्यक्तिगत वापरासाठी असते.

वायरवरही डोळे झाकून भरवसा ठेवू नका. रस्ता खोदला की केबल तुटते, लाईट गेली की राउटर बंद पडतो. राउटरचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो. जूनच्या वादळात लाईट गेली तरी सुनेचा क्लास त्यावर तासभर निघेल. आणि केबलच तुटली तर फोन आहेतच. आपल्या इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून कित्येक घरांत बोरिंग आहे, पण बोरिंग लागलं म्हणून नर्मदेचा नळ कुणी काढून टाकला नाही. मुलाला हे उदाहरण पटेल. आणि टॉवरचं नेट सगळ्या गल्लीत वाटलं जातं हे त्याला पटत नसेल तर रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी उभं राहून एक फोटो पाठवून बघायला सांगा. रेंज पूर्ण दिसते आणि फोटो फिरत राहतो.

मुलाशी बोलताना "मला कळत नाही, पण..." असं सुरू करू नका. ते वाक्य म्हटलं की पुढचं कुणी ऐकत नाही. "आपण दीड महिना करून बघितलं, आता काय झालं ते बघू" असं म्हणा. तुम्ही जुन्या वळणाच्या ठरत नाही. त्याच्याच प्रयोगाचा निकाल तुम्ही त्याला वाचून दाखवताय. सून समोर असू द्या, यजमानही. वायफायचा डबा अजून भिंतीवर आहे आणि नुसतं रिचार्ज थांबवलंय, तर छोट्या प्लॅनवर ते परत सुरू करणं पाच मिनिटांचं काम असावं. तरीही कंपनीला विचारा की बंद राहिलेल्या कनेक्शनवर नवा आकार लागतो का. आणि कधी कायमचं बंद करायचं ठरलंच तर डबा परत दिल्याची पावती घ्या, अनामत मागून घ्या.

हे बोलणं रविवारी करा, सगळे घरी असताना. पण त्याआधी एक गोष्ट आजच करायची आहे. संध्याकाळी यजमान चपला घालतील तेव्हा फोन चार्जरवरून काढून त्यांच्या खिशात द्या. घरात कुणाला आधी सांगू नका. मग हॉलमध्ये बसा आणि ते परत येईपर्यंत कोण कोण खोलीतून बाहेर येऊन "नेट का गेलं?" विचारतं ते बघा. आणि त्यांच्यापैकी कोण "बाबा कुठे आहेत?" असं विचारतं, तेही.